बेडकाच्या प्लीहेची दीडशे वर्षे

१८७६ साली प्रशियाच्या पोझेन प्रांतातल्या वोलश्टाइन या आडगावात, जे आज पोलंडमध्ये आहे, रॉबर्ट कोख नावाचा एक सरकारी डॉक्टर राहत होता. अँथ्रॅक्सने मेलेल्या उंदराची प्लीहा काढायची आणि तिचा बारीक तुकडा बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली सरकवायचा, असा त्याचा एक प्रयोग होता. गुरांना होणारा हा रोग आपल्याकडे फाशी या नावाने ओळखला जातो. त्यात प्लीहा, म्हणजे जुन्या वैद्यकातली पानथरी, फुगून काळपट होते आणि रोगाच्या दांड्यांसारख्या जंतूंनी गच्च भरते. असा तुकडा दुसऱ्या उंदराला दिला की तो मरायचा. बेडूक मात्र मरत नव्हता. तुकड्याच्या आसपासचा द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा कोखला मोठमोठ्या पेशी दिसल्या आणि त्यांच्या पोटात तेच दांडे होते.

कोखने ते नोंदवले आणि तो पुढे गेला. फाशी अमुक एका जंतूमुळेच होते हे त्याला सिद्ध करायचे होते, बेडूक का वाचला हा त्याचा प्रश्नच नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. उत्तर टेबलावर पडलेले असते आणि त्याचा प्रश्न विचारणारा अजून यायचा असतो.

तो आला ओडेसाहून. इल्या मेचनिकॉव्ह हा प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरावर त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा खुपसला आणि फिरत्या पेशी काट्याभोवती जमताना पाहिल्या. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्याला खाऊन टाकतात, ही त्याची कल्पना तिथून निघाली. दोन वर्षांनी तो फाशीच्या जंतूंकडे वळला, तेव्हा कोखच्या बेडकातल्या त्या पेशींचा अर्थ त्याने वेगळा लावला. जंतू त्या पेशींमध्ये वाढत नव्हते, तिथे त्यांचा फडशा पडत होता. बेडूक वाचतो तो त्याच्या या खादाड पेशींमुळे.

याच सुमारास पॅरिसमध्ये पॉल गिबिए याने आणखी एक गोष्ट दाखवली. बेडकाला सुमारे ३५ ते ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवले की तोही फाशीने मरतो. पाश्चरने १८७८ मध्ये याच्या उलट केले होते. कोंबडीला एरवी हा रोग होत नाही, पण तिला गार पाण्यात उभी केल्यावर तो झाला. बेडकाची प्रतिकारशक्ती तापमानाच्या तालावर चालते हे तेव्हाच उघड झाले होते. ३७ हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता मुंबई. मेचनिकॉव्हच्या ओडेसातल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता वाल्डेमार हाफकिन. १८९३ मध्ये तो कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आला आणि १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगची साथ पसरताच, मुंबईत पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी जर्मन प्लेग आयोगाबरोबर कोखही मुंबईत होता. बेडकाच्या पाठीतल्या त्या दांड्यांचा पहिला साक्षीदार आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्याचा शिष्य, असे दोघे एकाच शहरात, एकाच साथीत. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा थाटली गेली आणि १९२५ पासून तिला त्याचे नाव आहे.

मुंबईच्या डॉक्टरांना प्लीहेचे वेड मात्र वेगळ्याच कारणाने होते. मलेरियात ती वाढते, म्हणून वस्तीतल्या किती मुलांची प्लीहा हाताला लागते यावरून त्या वस्तीतला मलेरिया मोजत. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईच्या मलेरियावरचा १९११ चा अहवाल अशा तपासणीवर उभा आहे. हजारो पोटे दाबून पाहणाऱ्या या शहराने बेडकाच्या पोटाकडे फक्त प्रॅक्टिकलच्या तासाला पाहिले.

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि विज्ञान शाखेतून शिक्षण घेतले आहे, त्यांना तो तास आठवत असेल. मेणाचा ट्रे, टाचण्या, क्लोरोफॉर्मचा वास आणि चारी पाय ताणून उताणा टाचलेला बुलफ्रॉग. साष्टी आणि वसई परिसरातली भातखाचरे हे या बेडकाचे घर. मीरा-भाईंदर हे शहर होण्याआधी मिठागरे, खाडी आणि भातशेती यांचे होते. आजही घोडबंदरकडे, चेणे गावाच्या बाजूला, जिथे राष्ट्रीय उद्यानाचे रान महापालिकेच्या हद्दीला येऊन भिडते, तिथे पाऊस धरला की पाणथळीत हळदीसारखे पिवळे झालेले नर आणि त्यांचे ते निळे गालफुगे दिसतात. कॉलेजात यायचे ते मात्र पिवळे नसत, मळकट हिरवे असत. जर्नलमध्ये आकृती काढायची, आंत्रपटलाच्या घडीत एक वाटाण्याएवढा गडद लाल गोळा दाखवायचा आणि बाण काढून लिहायचे : प्लीहा. कार्य? जुन्या तांबड्या पेशी मोडणे, रक्ताचा साठा ठेवणे. परीक्षकांचे समाधान व्हायचे. पण बेडकाच्या प्लीहेबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या उत्तरात नव्हती. ती कळायला आफ्रिकेतला एक बेडूक लागला आणि तो प्रयोगशाळांत पोहोचला तो भलत्याच निमित्ताने.

१९३० च्या दशकात केपटाउनमध्ये लक्षात आले की झेनोपस नावाच्या नखवाल्या बेडकीला गर्भवती स्त्रीच्या लघवीचे इंजेक्शन दिले, तर ती काही तासांत अंडी घालते. लॅन्सलॉट हॉग्बेन यांच्या कामातून निघालेली ही गर्भचाचणी जगभर पसरली आणि पुढची सुमारे तीन दशके दक्षिण आफ्रिकेतून हे बेडूक मोठ्या संख्येने युरोप-अमेरिकेच्या दवाखान्यांत जात राहिले. रासायनिक चाचण्या आल्यावर बेडकांची गरज संपली. पण तोवर ते पाळायला सोपे, वर्षभर अंडी देणारे प्राणी म्हणून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत स्थिरावले होते. काही टाक्यांतून निसटलेही. 

१९७० च्या दशकात बाझलच्या प्रतिकारशास्त्र संस्थेत लुई द्यु पास्किए आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या इतर काही गटांनी झेनोपसच्या प्रतिकारव्यवस्थेचा नकाशा तयार केला. आपल्या शरीरात मानेत, काखेत, जांघेत, आतड्याभोवती सहाशेच्या आसपास लसिकाग्रंथी असतात. घसा दुखला की जबड्याखाली अवधाण येते, ते या ग्रंथींचे काम. बेडकाला अशा ग्रंथी नाहीतच. त्याच्या कातडीखाली लसिकेचे मोठाले कोश आहेत, ती पुढे ढकलणारी चिमुकली लसिकाहृदयेही आहेत, पण वाटेत थांबून तपासणी करणारी ठाणी नाहीत. रक्तात शिरलेल्या परक्याला अडकवून ठेवणे, लिम्फोसाइट पेशींना त्याची ओळख पटवणे आणि त्या पेशींची फौज वाढवणे, हे काम मुख्यतः एका प्लीहेवर येते. मीरा रोडपासून उत्तनपर्यंतच्या सगळ्या वस्तीला एकच पोलीस चौकी, असा हा कारभार.

चौकीची आतली रचनाही पाहण्यासारखी आहे. प्लीहेत तांबडा गर असतो आणि त्यात पांढऱ्या गराची बेटे. बेटांच्या मधोमध बारीक धमनी आणि तिच्याभोवती बी-लिम्फोसाइटचा जमाव. झेनोपसमध्ये लांब फाटे फुटलेल्या काही पेशी या बेटांच्या हद्दीतून हात बाहेर काढून रक्तातले परके कण पकडतात आणि आत आणतात. आतल्या बी-पेशी मग त्या कणांविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. पहिल्यांदा मोठ्या आकाराचे सर्वसाधारण प्रतिपिंड, नंतर रक्तात टिकणारे दुसऱ्या जातीचे. इथवर आपल्याशी साम्य आहे.

फरक पुढे पडतो. सस्तन प्राण्यांच्या प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत बी-पेशींची एक कडक निवड चालते. प्रतिपिंडात बारीक बदल होत जातात, जास्त घट्ट चिकटणाऱ्या पेशी तगतात, बाकीच्या मरतात. म्हणून दुसऱ्या खेपेला आपले प्रतिपिंड पहिल्यापेक्षा कितीतरी अचूक असते. बेडकाच्या प्लीहेत या निवडीची केंद्रे बनत नाहीत. बदल होतात, पण गाळणी ढिली राहते. त्यामुळे त्याचे प्रतिपिंड थोडेच सुधारते. त्यात थंडी पडली की सगळेच मंदावते. गिबिएच्या कोमट पाण्यातल्या बेडकाचे कोडे इथे निम्मे सुटते, कारण बेडकाचे तापमान बदलले की जंतूची आणि त्याच्या रक्षकांची, दोघांची चाल बदलते.

आणखी एक अडचण बेडकाच्या आयुष्यातच आहे. शेपटीवाला डिंभ आणि प्रौढ बेडूक यांची प्रथिने काही प्रमाणात वेगळी असतात. रूपांतर होताना डिंभाच्या प्रतिकारव्यवस्थेला हे नवे शरीर परके वाटू शकते. म्हणून त्या काही दिवसांत थायमस या ग्रंथीतल्या आणि प्लीहेतल्या लिम्फोसाइटचा मोठा हिस्सा मरतो आणि नवी फळी उभी राहते. शेपूट जिरून गेलेले, पाय फुटलेले इवलेसे बेडूक आपण पावसाळ्यात रस्त्यावर पाहतो, ते त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत उघड्या काळात असतात.

प्रयोगशाळेत हे उलगडत असताना बेडकांचा दुसराच व्यापार आपल्याकडे जोरात होता. युरोप-अमेरिकेच्या ताटांसाठी भारतातून बेडकांच्या तंगड्या जात. रात्री बत्तीच्या उजेडात भातखाचरांतून बुलफ्रॉग पकडले जायचे. याविरुद्ध मुंबईतून सातत्याने लिहिणारा एक माणूस होता हुमायून अब्दुलअली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतला फटकळ पक्षितज्ज्ञ. त्यांचे म्हणणे सरळ होते. बेडूक शेतातले किडे खातो, त्याला परदेशी विकून त्याच पैशातून कीटकनाशक आणणे हा कुठला हिशेब? १९८५ मध्ये बुलफ्रॉग आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या यादीत गेला आणि १९८७ मध्ये भारताने तंगड्यांची निर्यात बंद केली. कॉलेजातल्या विच्छेदनाला उतरती कळा लागायला आणखी काळ गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना काढल्या त्या २०११ मध्ये. अब्दुलअलींचा वाद बेडकांच्या संख्येचा होता, रोगाचा नव्हता. पण जिवंत बेडूक या खंडातून त्या खंडात हलवण्यात काय धोका असतो, हे जगाला लवकरच कळणार होते.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ ओढ्यांकाठी बेडूक मरून पडू लागले. जंगल शाबूत, पाणी स्वच्छ, आणि ओढे मुके. १९९८ मध्ये कारण सापडले : कातडीत वाढणारी एक पाणबुरशी. पुढच्या वर्षी तिचे नामकरण झाले, बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. आपण तिला कायट्रिड म्हणू. पनामात कॅरन लिप्स यांनी ती डोंगररांगेतून पुढे सरकत असल्याचे ओळखले होते आणि एल कोपे इथे आधीपासून नोंदी ठेवत त्या जणू तिची वाटच पाहत होत्या. २००४ मध्ये ती आली आणि काही महिन्यांत तिथले बेडूक कोसळले. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. बुरशीने कातडी बिघडवली की रक्तातले सोडियम-पोटॅशियम उतरते आणि हृदय थांबते. हे २००९ मध्ये दाखवले गेले.

मग प्लीहा काय करत होती? आजार कातडीचा, प्लीहा पोटात, तिला खबरच मिळत नसावी, असे आधी वाटत होते. बुरशी लागलेल्या बेडकांच्या जनुकांचा २००९ मधला एक अभ्यास याच बाजूचा होता. त्यात प्रतिकाराची हालचाल फारच कमी दिसली. २०१३ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लुईझ रोलिन्स-स्मिथ यांच्या गटाने झेनोपसच्या प्लीहेतल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांत कायट्रिडने सोडलेला द्रव मिसळला. लिम्फोसाइट वाढायच्या थांबल्या, अनेक मेल्या. बुरशीच्या पूर्ण वाढलेल्या पेशीच हे विष सोडत होत्या. गंमत अशी की जंतू गिळणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होत नव्हता. मेचनिकॉव्हचे शिपाई जागेवर होते, मारा होता तो प्लीहेच्या फौजेवर. पुढच्या वर्षी पनामाच्या सोनेरी बेडकावर झालेल्या अभ्यासात तेच जिवंत शरीरात दिसले. कातडीत प्रतिकाराची जनुके जोरात चाललेली, प्लीहेत लिम्फोसाइटशी निगडित जनुके मंदावलेली. बेडूक लढत होता, पण त्याची कुमक वाटेतच अडत होती.

त्याच २०१४ सालच्या आणखी एका प्रयोगाकडे जाताना आपला ३७ चा आकडा वेगळ्या रूपात परत येतो. कायट्रिडला गारवा मानवतो. साधारण १७ ते २५ अंशांत ती उत्तम वाढते, त्यावर तिची दमछाक होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००३ मध्येच दाखवले होते की लागण झालेल्या बेडकाला काही तास ३७ अंशांत ठेवले की तो बरा होतो. म्हणजे ज्या उबेने गिबिएचा बेडूक फाशीला बळी पडला, तीच इथे औषध. २०१४ च्या प्रयोगात क्युबन झाडबेडकांना लागण द्यायची, उष्णतेने ती घालवायची, पुन्हा लागण द्यायची, असे चक्र चालवले. दर खेपेला बुरशी कमी होत गेली आणि लिम्फोसाइट वाढत गेल्या. मेलेल्या बुरशीशी गाठ पडूनही संरक्षण मिळाले. बेडकाची प्लीहा फार तेज विद्यार्थी नसेल, पण तिला शिकवता येते.

हे सगळे आपल्या दारात आले २०१३ मध्ये. पुण्याचे नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीत कायट्रिड असल्याचा पहिला पुरावा प्रसिद्ध केला. डीएनए तपासणी आणि कातडीचे सूक्ष्म छेद यांच्या आधारे ती तीन प्रदेशनिष्ठ बेडकांत सापडली. तिघांची नावे मुंबईच्या इतिहासातून आलेली आहेत. पहिला लीथचा उड्या मारणारा बेडूक. प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजरने १८८८ मध्ये माथेरानच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि १८६४ मध्ये मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणाऱ्या डॉ. लीथ यांचे नाव त्याला दिले. दुसरा मुंबई इलाख्याचे नाव वागवणारा झुडपी बेडूक. तिसरा १९५५ मध्ये नामकरण झालेला रातबेडूक, निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. होय, तेच हुमायून अब्दुलअली. पहिल्या दोघांत लागण होती, पण बाहेरून काहीच दिसत नव्हते. तिसऱ्याच्या कातडीवर जखमा होत्या, ती तपकिरी पडत होती, सोलवटत होती. ज्या माणसाने बेडकांसाठी भांडण मांडले, त्याच्याच नावाच्या बेडकावर आजार उघड दिसावा, हा निव्वळ योगायोग. पण लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

त्या अभ्यासातली खरी बातमी निराळी होती. सह्याद्रीत सापडलेली बुरशी पनामातल्या मारक वंशाची नव्हती, ती आशियातच आढळणाऱ्या एका वंशाशी जुळत होती. २०१५ मध्ये याच संशोधकांपैकी काहींनी दाखवले की हा आशियाई वंश पश्चिम घाटात बऱ्याच ठिकाणी पसरलेला आहे. आणि २०१८ मध्ये जगभरच्या नमुन्यांच्या जनुकांची मोठी तुलना झाली. तिने कायट्रिडचे मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला दाखवले. मारक वंश विसाव्या शतकात बेडकांच्या व्यापाराबरोबर जगभर फिरला, असा तिचा निष्कर्ष होता. गर्भचाचणीसाठी गेलेले झेनोपस, पाळण्यासाठी गेलेले, खाण्यासाठी गेलेले, सगळे त्या व्यापाराचे भाग. ज्या वाहतुकीने बेडकाच्या प्लीहेचे ज्ञान शक्य केले, तिनेच त्या प्लीहेला हरवणारा शत्रूही फिरवला. २०१९ च्या हिशेबानुसार कायट्रिडमुळे जगात किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि ९० नाहीशा झाल्या असाव्यात.

सह्याद्रीत पनामासारखी सामूहिक मरणे नोंदली गेलेली नाहीत. माझ्या मते याचे बरेचसे श्रेय जुन्या ओळखीला जाते. आशियातले बेडूक या बुरशीबरोबर दीर्घकाळ राहिले आहेत, आणि क्युबन झाडबेडकांच्या प्रयोगाने दाखवले तेच पिढ्यांच्या पातळीवर घडले असण्याची शक्यता मोठी आहे. कोकणपट्टीवर उकाड्याची मदतही असावी. भाईंदरच्या खाडीकाठी वर्षातला बराच काळ कायट्रिडला सोसवेल त्यापेक्षा जास्त गरम असतो. तिला आवडणारा गारवा महाबळेश्वर-आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर, रातबेडकांच्या ओढ्यांत. मीरा-भाईंदरच्या बुलफ्रॉगला आज खरा धोका बुरशीचा नाही. भातखाचरांवर टाकल्या जाणाऱ्या भरावाचा आहे, कारण तळेच बुजले तर प्लीहेने कोणाविरुद्ध लढायचे?

घाटमाथ्यावर मात्र निष्काळजी राहून चालणार नाही. मारक वंश एखाद्या मत्स्यालयाच्या पिशवीतून, पाळायला आणलेल्या परदेशी बेडकाबरोबर आला, तर जुन्या ओळखीचा उपयोग होईलच असे नाही. म्हणून पाहणी चालू हवी. ती करण्याची पद्धत आता सौम्य आहे. बेडूक हातमोज्याने धरायचा, पोटावर आणि बोटांवर कापसाची काडी फिरवायची, बेडूक पुन्हा ओढ्यात सोडायचा. काडीवरचे डीएनए लागण सांगते, बुरशीचा वंश सांगते. प्लीहेत काय चालले आहे ते ती सांगत नाही. ते कळायला बेडूक मारावा लागतो, आणि जिथे लागण सापडली त्या तिन्ही जाती आधीच संकटात असल्याने ती किंमत कुणीही हलक्या मनाने मोजणार नाही. झेनोपसच्या प्लीहेवर अर्धशतक काम झाले, कारण तो टाकीत हवा तितका वाढतो. सह्याद्रीच्या रातबेडकाची हकीकत सध्या तरी त्याच्या कातडीवरूनच वाचावी लागते.